फेट्याचं दुसरं टोक

“लिहायचं काम तिला देऊ, बोलायचं मी बघतो. ती बोलायला लागेपर्यंत पार्टी चहा पिऊन निघून पण जाईल.”

काका हे बाबांना सांगत होते, आणि मी बाबांच्या हातातल्या फेट्याच्या दुसऱ्या टोकाला उभी होते. फेट्याचं कापड बांधायच्या आधी ताणून त्याची लांब, अरुंद पट्टी करावी लागते. ग्वाल्हेरच्या दौलतगंजातलं आमचं ऑफिस म्हणजे एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. बाबा बाहेरच्या खोलीत चुण्या पाडत होते, कापड दारातून आतल्या खोलीत आलं होतं आणि ते टोक मी धरलं होतं. काकांना वाटलं असणार की टोक खिडकीच्या गजाला बांधलंय. बाबांनी कापडाला एक हलका झटका दिला, म्हणजे मला नीट धरायला सांगितलं. मी धरलं.

बाबा आणि काका, दोघा भावांची ही कंपनी. लग्नात वरातीच्या माणसांना फेटे बांधायचे, हा धंदा. आधी नुसता धंदाच होता, कंपनी काकांनी केली. ऑर्डर आणणं, फोन, हिशोब हे काकांकडे, आणि बांधणं बाबांकडे. ग्वाल्हेरच्या लग्नांत आता मराठी नसलेल्या घरांतही ‘वो मराठा वाला’ फेटा मागतात, त्यामुळे काकांच्या मते हीच वेळ होती वाढायची. एका मोठ्या इव्हेंट कंपनीच्या मॅडम येऊन बोलणार होत्या. त्यांची सगळ्या सीझनची लग्नं आम्हाला मिळू शकत होती. त्यांनी येण्याआधी बिझनेस प्लॅन तयार हवा, असं काकांनी ठरवलं. मी इंग्लिश मीडियमची. आमच्या घरात याचा अर्थ असा, की जे काही कंप्यूटरवर उघडतं ते मला येतं.

मला ते येत नव्हतं. मी इंटरनेटवरून एक नमुना उतरवून घेतला आणि पहिल्याच प्रश्नाला अडकले. तुमची कंपनी काय करते, एका वाक्यात सांगा. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, फेटे बांधतो, आणखी काय. काकांनी सांगितलं, लिही, ट्रेडिशनल वेडिंग हेडगिअर सोल्यूशन्स. मी दोन्ही लिहिली, मग दोन्ही पुसली. वाचायला दोन वेगळ्या कंपन्या वाटत होत्या.

पुढचा प्रश्न, ग्राहक कोण. हे सोपं असेल असं वाटलं होतं. पण फेटा घालतो नवरदेव, रंग ठरवते त्याची बहीण, भाव करतात त्याचे मामा, आणि बिघडला की आरडाओरडा करतो तो कोणी भलताच पाहुणा. यातला कोणता लिहायचा? काका म्हणाले, इव्हेंटवाले लिही, इतकं डोकं नको लावू. स्पर्धक कोण, यावर बाबा खूप वेळ विचार करून म्हणाले की मोबाइलवर बघून शिकलेला प्रत्येक जावई. मी तेही लिहिलं. इंग्रजीत ते वेड्यासारखं दिसलं.

खरी अडचण त्यापुढे होती. वाढणार म्हणजे जास्त फेटे, आणि ते बांधणार कोण? बाबांचा उजवा खांदा गेल्या हिवाळ्यापासून धरला होता. कमरेच्या उंचीला हात नीट चालायचा, चुण्या पाडता यायच्या, पण डोक्यापर्यंत हात गेला की चेहरा पांढरा पडायचा. गिऱ्हाइकाला खाली स्टुलावर बसवून पाहिलं. तरी वर तुरा काढताना हात उचलावाच लागतो. मदतीला दोन माणसं ठेवली होती, ती कसाबसा एक सीझन काढून दुसरीकडे निघून गेली.

काकांचं उत्तर तयार होतं. रेडीमेड. माधवगंजातल्या एका टेलरकडून शिवून घ्यायचे, तीन साइझ, डब्यात घालायचे, कुरिअरने कुठेही. डोक्यावर ठेवला की झालं. त्यांनी नमुनाही आणून ठेवला होता, जांभळा, चकचकीत, आतून पुठ्ठा लावलेला. काका वाईट माणूस नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की यात दादाच्या, म्हणजे बाबांच्या, खांद्याला आराम आहे.

बाबांनी तो नमुना हातात फिरवला, आत बोट घालून पुठ्ठा चाचपला आणि जागेवर ठेवला. त्या दिवशी घरी येताना, स्कूटरवर, मी मागे बसले असताना ते म्हणाले, “मग मी काय करू, बेटा?”

मला वाटलं ते रस्त्याबद्दल विचारतायत, पुढे ट्रॅफिक होता. मग कळलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर प्लॅन माझ्याच्याने पुढे जाईना. मुख्य व्यक्ती आणि त्यांची कामं, असा एक रकाना होता. काकांच्या नावासमोर लिहायला भरपूर होतं. बाबांच्या नावासमोर मी ‘फेटे बांधणे’ लिहिलं की पुढचं रेडीमेडचं पान खोटं ठरायचं, आणि पुढचं पान खरं ठेवलं की हा रकाना रिकामा व्हायचा. आकड्यांचे तक्ते मी रंगीत करत बसायचे, कारण रंग देणं तेवढं जमत होतं. प्लॅन इंग्रजीत होता, काका त्यावर हिंदीत बोलायचे, बाबा मराठीत गप्प राहायचे, आणि मला स्वतःला काय वाटतं ते कोणत्या भाषेत शोधायचं हेच कळत नव्हतं.

एक गोष्ट होती जी मी कुठेच लिहिली नव्हती. कंपनीच्या पेजवर फेट्यांचे जे फोटो होते, ज्यांच्यावर काका खूश होते, ते हिवाळ्यापासूनचे सगळे मी बांधलेले होते. फोटोसाठी प्लॅस्टिकचं एक डोकं आहे आमच्याकडे. बाबांना जमेना तेव्हा ते माझ्या बाजूला उभे राहून सांगत गेले आणि मी बांधत गेले. पहिले काही इतके ढिले होते की डोकं उचललं की फेटा टेबलावरच राहायचा. बाबा हसायचे, पुन्हा उलगडायचे. हळूहळू जमायला लागलं. काकांना वाटायचं दादा सावकाश का होईना, नमुन्यापुरते बांधतोय. आम्ही त्यांना तसं वाटू दिलं. का, ते नीट सांगता येत नाही. प्लॅस्टिकचं डोकं आणि वरातीतलं डोकं यात फरक आहे. वरातीतला माणूस बोलतो, फोनवर असतो, त्याच्या चेहऱ्याच्या इतकं जवळ उभं राहायचं, त्याच्या कपाळाला हात लावायचा, आणि बाकीचे पुरुष बघणार. मी तर रिक्षावाल्याला थांबा म्हणतानाही दोनदा मनात म्हणून घेते. शिवाय मी बांधले तर बाबांचं काम वाचतं, की मीच ते घेतलं असं होतं? मी स्वतःचं नाव त्या रकान्यात टाइप केलं. पुसलं. मला हे हवंय का, तेही माहीत नव्हतं.

मॅडम आल्या त्या दिवशी बाबांचा रकाना रिकामाच होता. काकांनी मला लॅपटॉप देऊन कोपऱ्यात बसवलं, खूण केली की पान बदल, आणि स्वतः बोलत राहिले. छान बोलले. मग त्यांनी जांभळा नमुना पुढे केला. मॅडमनी तो उलटा करून आत पाहिलं, अगदी बाबांसारखंच, आणि टेबलावर ठेवला.

“ये तो कहीं भी मिल जाएगा, भाईसाहब. मुझे वो चाहिए जो आपके पेज पर है. बाँधता कौन है?”

काका म्हणाले, आमचे दादा. सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मॅडम सरळ बाई होत्या, त्यांनी सांगितलं की मग एक बांधून दाखवा, कोणाच्याही डोक्यावर. पाहिल्याशिवाय त्या हो म्हणणार नव्हत्या. काका उत्साहाने स्वतःच खुर्ची ओढून मधोमध बसले. दादा नमुन्यापुरता बांधतो, एवढंच त्यांना माहीत होतं.

बाबांनी केशरी कापड काढलं. मी सवयीने उठले आणि दुसरं टोक घेऊन आतल्या खोलीत गेले. ते चुण्या पाडत राहिले, कापडाची पट्टी होत गेली. मग नेहमीचं व्हायला हवं होतं, म्हणजे मी टोक घेऊन त्यांच्याकडे चालत जायचं, ते त्यांच्या हातात द्यायचं आणि बाजूला व्हायचं. मी गेले. बाबांनी माझं टोक घेतलं. पण सुरुवातीचं टोक, जे बांधणाऱ्याच्या हातात असतं, ते त्यांनी माझ्या हातात ठेवलं आणि ते स्वतः दोन पावलं मागे सरले, कापड धरून, जिथे मी बाजूला होऊन उभी असते तिथे.

त्यांनी काही खूण केली नाही. मला अजूनही ठाऊक नाही की त्यांनी हे आधी ठरवलं होतं, की खांदा तेव्हाच दुखला. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी काकांच्या मागे उभी राहिले. त्यांच्या केसांना कलपाचा वास येत होता, आणि टाळू मला वाटली होती त्यापेक्षा खूप उघडी होती. मला एकदम त्यांची दया आली, आणि मग हसूही. प्लॅस्टिकच्या डोक्याला टाळू नसते.

मी कापडाचं टोक त्यांच्या कपाळाच्या कडेला लावलं. काका दचकले, आणि मागे कोण आहे ते बघायला मान वळवायला लागले. पहिल्या वेढ्याला डोकं हललं की सगळा फेटा तिरका जातो. बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला जे म्हणतात ते म्हणायला हवं होतं, आणि बाबा म्हणत नव्हते. ते कापड धरून उभे होते.

“काका,” मी म्हटलं, “मान सीधी ठेवा. हलू नका.”