चुलीवाला फ्रीज

घरात फ्रीज कोणता आणायचा यावरून आमच्याकडे जेवढी भांडणं झाली, तेवढी वाटण्यांवरूनही झाली नसतील. आणि भांडत मीच होते. बाकीच्यांना वाटायचं, फ्रीज म्हणजे थंड पाणी. मला माहीत होतं, फ्रीज म्हणजे माझी पोर.

पोर तेव्हा सात वर्षांची होती. नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि एवढ्याशा लेकराला साखरेचा आजार होतो हे आमच्या जानेफळकडच्या गावांत कुणी ऐकलंही नव्हतं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी इन्शुलिनची सुई द्यायची, जन्मभर, आणि बाटली गार जागी ठेवायची. हिवाळाभर मी ती नव्या माठात ओल्या वाळूत पुरून ठेवली. होळी झाली आणि ऊन तापायला लागलं. माठच कोमट झाला, मग त्यातली बाटली काय गार राहणार? सुई तीच, औषध तेवढंच, पण पोर तांब्यावर तांबे पाणी पीत होती आणि दिवसेंदिवस वाळत चालली होती.

डॉक्टरांनी तपासणीचं एक निळं औषध दिलं होतं. ते काचेच्या नळीत घ्यायचं, पोरीच्या लघवीचे थेंब टाकायचे आणि चुलीच्या जाळावर उकळायचं. निळं किंवा हिरवं राहिलं तर साखर ताब्यात. आमची नळी रोज विटकरी व्हायची. चुलीपुढे बसून मी त्या नळीकडे बघत रडायचे आणि कुणी विचारलं तर धूर लागला म्हणायचे. शेवटी डॉक्टर म्हणाले, "बाई, उन्हानं औषध मरून जातंय. फ्रीजची सोय करा, नाहीतर..." पुढचं मला ऐकायचंही नव्हतं.

चिखलीला शिलाई मशीन आणि रेडिओ विकणारा एक दुकानदार होता. त्यानं अकोल्याहून दोन फ्रीज आणवून ठेवले होते. एक विजेचा, उंच, पांढराशुभ्र, दार उघडलं की आत दिवा लागायचा. दुसरा मातीच्या तेलावर, म्हणजे रॉकेलवर चालणारा, ठेंगणा, खाली तेलाची टाकी, वात आणि काच, मागून धूर जायला नळकांडं. खाली जाळ आणि वर थंडी, हे आमच्या यांना काही पटेना.

"जाळावर बर्फ होते म्हनता? येडं समजता काय राजेहो आमाले?" हे दुकानदाराला म्हणाले आणि पुन्हा विजेच्या फ्रीजपाशी जाऊन उभे राहिले. दार उघडायचे, दिवा बघायचे, दार लावायचे. लहान पोरासारखे चार वेळा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

"गावात लाइट येऊन राह्यली ना," हे म्हणाले. "पोल गाडले. आता तारा आल्या का झालं. मंग हे घासलेटचं डबडं कोन पुसते?"

माझ्यानं राहवलं नाही. सासरे शेजारी उभे होते, डोक्यावर पदर होता, तरी बोलले. "पोलाले लोक शेळ्या बांधून राह्यले. तारा येतीन तवा येतीन. पोरीची सुई उद्या सकायी हाये."

दुकानदार माझ्याकडे न बघता सासऱ्यांकडे बघायला लागला. असली सून या माणसानं कशी काय ठेवली घरात, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. सासरे, म्हणजे मामाजी, दोन्ही फ्रीजांभोवती एक चक्कर मारून आले. मग त्यांनी त्या ठेंगण्या फ्रीजकडे हात केला. त्याला म्हणायचं काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"सूनबाई बराबर बोलते. हा चुलीवालाच बांधा."

झालं, तेच नाव पडलं. गावात बायका बघायला आल्या त्या 'चुलीवाला फ्रीज' बघायलाच आल्या. शेजारपाजारच्या पोरांनी बर्फ चोखला तो चुलीवाल्या फ्रीजचा. नाव गमतीचं होतं, मीही हसायचे.

मधल्या खोलीत तो ठेवला. त्याच्या वातीची निगा मामाजींनी आपल्याकडे घेतली. जाळ निळा पाहिजे, पिवळा झाला की काजळी धरते, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगायचे. रोज काच पुसायचे, टाकीत तेल बघायचे, माझी नळी उजेडासमोर धरून रंग पाहायचे. नवी बाटली आणली, फ्रीजमध्ये ठेवली, आणि काही दिवसांत नळी विटकरीची पिवळी झाली, पिवळ्याची हिरवी. पोरीच्या गालावर मांस दिसायला लागलं. आमचे हेही मग कुणाकुणाला सांगायला लागले की आमी डोकं लावून तेलावालाच घेतला. मी ऐकून घेतलं. पोर पळत होती, मला आणखी काय पाहिजे होतं?

वैशाखात मामाजी गेले. सकाळी उठले, चूळ भरली, ओट्यावर टेकले ते तसेच कलंडले. घरात एकच कल्लोळ झाला. हे सरणाच्या तयारीला गेले. आत्याबाई, माझ्या सासूबाई, मामाजींच्या उशाशी जाऊन बसल्या. रडल्या नाहीत. शेजारच्या घरातून चुलत सासूबाई आल्या आणि त्यांनी सगळा कारभार हातात घेतला.

आमच्यात माणूस गेलं की घरातला विस्तव विझवतात. चूल पेटत नाही, भाकरी सोयऱ्यांच्या घरून येते. चुलत सासूबाईंनी स्वयंपाकघरातल्या चुलींवर पाणी शिंपडलं. ते रीतीचंच होतं. मग त्यांनी विचारलं, "आनखी कोनती चूल हाये वं घरात?" आणि दाराशी बसलेल्या कुणीतरी सांगितलं, "ते चुलीवालं फ्रीज हाये ना."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ऊन वर आलं तेव्हा पोर येऊन बिलगली, "माय, माही सुई." धावत जाऊन फ्रीजचं दार उघडलं. आतून गार हवा आलीच नाही. खाली वाकले तर वातीवर तांब्याभर पाणी ओतलेलं, काच तडकलेली, जमिनीवर तेलाचे ओघळ. बाटली हातात घेतली. ती कोमट होती की माझाच हात तापला होता, कळेना. दुसरी बाटली घरात नव्हती, चिखलीत मिळत नव्हती. बाहेर वैशाखाचं ऊन जाळत होतं.

पोरीला सुई दिली त्याच बाटलीची. दुसरं काय करणार होते? मग काडीपेटी घेतली आणि फ्रीजपाशी बसले. एक काडी, दुसरी, तिसरी. ओली वात चरचरायची आणि विझायची.

"अवं, काय करून राह्यली तू?" चुलत सासूबाई ओरडल्या. "घरात मढं हाये अन् तू चूल पेटवते?"

"चूल नाई हाये ते!" मीही ओरडले. "माह्या पोरीचं औषिद हाये त्यात!"

"नाव चुलीचं अन् चूल नाई? लाज हाये का काई? लोक काय म्हनतीन?"

मी त्यांच्या पाया पडले. खरंच पडले, त्या घाणीत, तेलात. म्हटलं, मले काई म्हना, पन हे पेटू द्या. बायका दारात जमल्या होत्या, एकमेकींकडे बघत होत्या. कुणी मध्ये पडेना.

तेवढ्यात आत्याबाई उठल्या. नवऱ्याला तसं सोडून त्या मधल्या खोलीत आल्या, माझ्याशेजारी खाली बसल्या आणि टाकीतून वात काढून आपल्या पदरात घट्ट पिळली. पदर काळा झाला. टाकीतलं पाणी मिसळलेलं तेल मोरीत ओतून आल्या.

"त्यायले आता काई नाई पायजे," त्या म्हणाल्या. "पोरीले पायजे. पेटव."

चुलत सासूबाई बाजूला झाल्या. मी नवं तेल भरलं, तडकलेली काच तशीच बसवली आणि काडी लावली. वात धुमसली, मग धरली. आत्याबाई परत जाऊन मामाजींच्या उशाशी बसल्या.

दुपारी मामाजींना नेलं. घर सारवलं, जिथं त्यांना ठेवलं होतं तिथं पीठ पसरून दिवा लावला. माझं लक्ष कशातच नव्हतं. सकाळची सुई लागू पडली की पाणी टोचलं, एवढंच डोक्यात घुमत होतं. पोर पुन्हा पाणी मागायला लागली. संध्याकाळी मी नळी तयार केली आणि मग आठवलं, उकळायची कशावर? चुली थंड. फ्रीजचा जाळ काचेच्या आत. घरात उघडी ज्योत एकच होती, मामाजींच्या दिव्याची.

नळी हातात घेऊन मी त्या खोलीच्या दारात उभी राहिले. आत जायची हिंमत होईना आणि मागे फिरायचीही. आत्याबाई दिव्यापाशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि बाजूला सरकल्या.

मी दिव्यावर नळी धरली. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. काचेवर काजळी चढली, आतलं काही दिसेना. उकळी फुटली तशी मी पदरानं काजळी पुसली.

"हिरवं हाये!" मी किंचाळले. "आत्याबाई, हिरवं हाये वं माय!"

सुतकाच्या घरात असं ओरडले म्हणून बायका डोळे वटारून बघायला लागल्या. आत्याबाईंनी माझ्या हातातून नळी घेतली, उजेडासमोर धरली, नीट बघितली.

"पाहाले नाई राह्यले वं ते," त्या म्हणाल्या, आणि दिवसभरात पहिल्यांदा धाय मोकलून रडल्या.