पंचांसमक्ष जप्त केलेला काढा

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आजही डोळ्यांपुढून हलत नाही ती घटना वाळलेल्या फुलांच्या चोरीची.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. मी संग्रामपूरकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. सातपुड्याच्या पायथ्याशी सरकारी बंगल्यात उतरलेले एक प्राध्यापक फिर्याद घेऊन आले. झाडांच्या फांद्यांवर उगवणाऱ्या आमरी, म्हणजे रानटी ऑर्किड, ते गोळा करत. दाबून, वाळवून कागदावर चिकटवत आणि कुठल्या नाल्याकाठी, कुठल्या झाडावर सापडली ते खाली लिहीत. त्यातला एक गठ्ठा चोरीला गेला होता.

"पालापाचोळ्याची फिर्याद!" हवालदार हसले.

"हसू नका," प्राध्यापक म्हणाले. "कीड लागू नये म्हणून त्यावर पाऱ्याचं विष फिरवलंय. पोटात गेलं तर माणूस मरेल."

मी ताडकन उठलो. चोर राहू दे, आधी गठ्ठा सापडायला हवा होता.

खबऱ्यानं प्राध्यापकांच्या वाटाड्याचं नाव घेतलं. सकाळी घोंगडीखाली काहीतरी दडवून तो घराकडे गेला होता. त्याला ठाण्यात आणलं, पण "मले काय मालूम, साहेब?" हे पालुपद काही सुटेना. हवालदारांनी काठी उचलली. मी अडवली. माराच्या भीतीनं माणूस तोंड आणखी मिटून घेतो, आणि आमच्यापाशी वेळ नव्हता.

"ऐक," मी म्हणालो, "त्या पाल्यावर विष आहे. ज्याच्या पोटात जाईल तो वाचणार नाही."

त्यानं घडाघडा सांगून टाकलं. "साहेब, मायचे गुडघे धरले हायेत. मास्तर त्या पानाइले कुंचल्यानं काहीतरी लावे, सावलीत जपून ठेवे. मले वाटलं, एवढा शिकलेला माणूस जपते म्हणजे गुणाचंच असन. काढा कराले मायपाशी देऊन आलो."

जीप पिटाळली. आम्ही पोहोचलो तेव्हा म्हातारी पेल्यावर फुंकर घालत होती. मी पेला हिसकावला.

"काऊन रे बापू, आता पोलीसवाले काढा बी जप्त कराले लागले काय?" ती कडाडली.

केलाच जप्त, पंचांसमक्ष, पातेल्यासकट.

पुढे कोर्टाच्या परवानगीनं तडजोड झाली. गठ्ठ्यातले कागद चुलीत गेले होते, म्हणून वाटाड्यानं प्राध्यापकांना तीच झाडं पुन्हा हिंडून दाखवली.

आपण का विचारतो हे आरोपीला सांगू नये, असं आम्हाला वरिष्ठ शिकवत. त्या दिवशी मी ते ऐकलं असतं, तरी कबुली मिळालीच असती. फक्त दुसऱ्या दिवशी, आईच्या प्रेतापाशी रडणाऱ्या मुलाकडून.