कड्याखालची गाडी

शीलाला सगळे भित्री म्हणायचे आणि तीही ते नाकारायची नाही. शहरातल्या पुंडलिकनगरच्या घरातून निघताना गॅसचं बटण बंद केलंय का, हे ती परत आत जाऊन बघायची. शहागंजातल्या कापडाच्या दुकानात ती काउंटरवर असायची. लेक शाळेतून घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. तिचे वडील मुंजाबा कन्नडकडच्या डोंगरात मेंढरं चारायचे. लांडगा, साप, वीज, सगळं जवळून बघत ती वाढली होती.

"डोंगरातली पोर आन् एवढी भितीस कशी?" नवरा रामप्रसाद चिडवायचा.

"बघितलंय म्हणूनच भिते," ती म्हणायची.

मे महिन्यात शाळेला सुट्ट्या लागल्या तशी नऊ वर्षांच्या अपेक्षानं बापामागं भुणभुण लावली, कुठंतरी न्या ना. रामप्रसादनं नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती. एका रविवारी तो, शीला, अपेक्षा आणि त्याची आई मंजुळाबाई अशी चौघं निघाली. कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडं कच्च्या रस्त्यानं आत गेलं की एका उंच कड्याखाली महादेवाचं छोटं देऊळ लागतं. पावसाळ्यात तिथं जत्रेसारखी गर्दी असते, उन्हाळ्यात चिटपाखरू नसतं. निवांत आहे म्हणूनच रामप्रसादला ती जागा आवडायची.

निघायला उशीर झाला होता. पोचेपर्यंत ऊन चांगलंच तापलं. दर्शन झाल्यावर कड्याच्या सावलीत सतरंजी अंथरली आणि रामप्रसादनं तीन दगडांची चूल मांडली. त्याला वांगी भाजून भरीत करायचं होतं. पालापाचोळा पेटला, पण धूरच जास्त झाला. मंजुळाबाईंना खोकल्याची उबळ आली. सासूला आणि लेकीला घेऊन शीला उन्हात उभ्या केलेल्या गाडीकडं आली.

"मीठ गाडीतच राहिलंय, येताना घेऊन ये," रामप्रसाद मागून म्हणाला.

मंजुळाबाई मागच्या सीटवर गोधडी टाकून टेकल्या. शेजारी अपेक्षा बसली. शीला पुढच्या सीटवरच्या पिशवीत मीठ शोधत होती, तेव्हा तिला एक आवाज आला. लांबून ट्रॅक्टर यावा तसा, पण रस्त्याकडून नाही, वरून. तिनं मान वर केली. कड्याला सुपाएवढा काळा डाग लटकत होता, धूर सरळ त्याच्यावर चालला होता आणि तो डाग हलत होता.

"अहो, आग्यामोहळ! पळा! गाडीकडं पळा!"

रामप्रसादनं वर बघितलं तोवर माशा सुटल्या होत्या. त्यानं सतरंजी डोक्यावर ओढली आणि धावत सुटला. निम्म्या वाटेत पाय अडकून तो पडला. सतरंजीखाली त्याचं अंग दिसत होतं. वरून मात्र सगळं काळं आणि जिवंत झालं होतं.

शीलानं आत शिरून उघडी दारं ओढून घेतली. काचा वरच होत्या. चार-दोन माशा आत आल्या होत्या, त्या तिनं चपलेनं मारल्या. काचेवर माशा गारांसारख्या आपटू लागल्या. अपेक्षा किंचाळत होती. गाडी चालू करावी म्हणून शीलाचा हात स्टेअरिंगखाली गेला. चावी नव्हती. चावी रामप्रसादच्या खिशात होती.

फोनला रेंज नव्हती. हॉर्न दाबला, तो डोंगरात घुमून परत आला. जवळपास ऐकायला कुणी नव्हतंच.

गाडी भट्टीसारखी तापू लागली. श्वास घेतला तरी घशाला चटका बसत होता. एका बाटलीत थोडं कोमट पाणी होतं. शीलानं पदर भिजवून सासूच्या मानेवर ठेवला.

"आत्या, कसं वाटतंय?" सासूला ती आत्या म्हणायची.

"बैलं सोडली का गं?" मंजुळाबाई म्हणाल्या. घरात बैल नव्हते, कित्येक वर्षं नव्हते. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. शीलानं हात लावला तर कातडी तापलेल्या तव्यासारखी लागली.

आता दार उघडलं तर माशा आत येणार. नाही उघडलं तर म्हातारी इथंच जाणार, तिच्यामागून लेकरू. आणि बाहेर सतरंजी हलायची थांबली होती.

"अप्पू, ऐक. आज्जीच्या तोंडावर हा पदर... नाय, ही तुझी ओढणी धर. मी बाहेर गेले की दार मी लावीन. काय झालं तरी तू उघडायचं नाय."

"मम्मी, नको ना जाऊ."

"मी येते."

येईन की नाही, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. तिनं सासूखालची गोधडी ओढून डोक्यापासून अंगावर घेतली, पुढ्यात डोळ्यांपुरती फट ठेवली आणि गाडीतून घरंगळल्यासारखी खाली उतरली. दार लागल्याचा आवाज ऐकला आणि रांगू लागली.

पहिला डंख मनगटावर बसला. मग पायावर, मानेवर. ओरडावंसं वाटत होतं, पण तोंड उघडलं तर माशी आत जाईल ह्या भीतीनं तिनं दात आवळून धरले. फटीतून फक्त तापलेली माती दिसत होती. मध्येच तिची दिशा चुकली, तेव्हा ती रडू लागली. रडत रडतच पुढं सरकली आणि हाताला सतरंजीची दशी लागली.

"अहो. अहो, चावी द्या."

आतून घरघर आली. जिवंत होता. तिनं सतरंजीखाली हात घालून खिसा चाचपला, चावी काढली आणि त्याची कॉलर धरून ओढलं.

"उठा. माझ्यानं नाय उचलवायचं तुम्हाला. उठा म्हणते ना!"

तो गुडघ्यांवर आला. दोघं एकाच गोधडीखाली गाडीपर्यंत पोचली. त्यांच्यासोबत माशाही आत आल्या, पण थोड्या. गाडी चालू झाली, एसीचं गरम वारं हळूहळू गार होऊ लागलं.

रामप्रसादचे डोळे सुजून मिटले होते, ओठ जाड झाले होते आणि श्वासाला शिट्टी वाजत होती. त्यानं गाडी चालवणं शक्यच नव्हतं. शीला आमखास मैदानावर जेमतेम आठवडाभर गाडी शिकली होती आणि एका हातगाड्याला धक्का लागल्यावर तिनं शिकणं सोडून दिलं होतं. पहिल्या गिअरवर तिनं गाडी काढली, मोठ्या रस्त्यापर्यंत दुसरा टाकायची तिची हिंमत झाली नाही. फाट्यावर चहाच्या टपरीशी गाडी बंद पडली. तिथं कचरू नावाचा जीपवाला उभा होता. आतली दशा बघून त्यानं काही विचारलं नाही. मंजुळाबाईंच्या अंगावर टपरीवरची पाण्याची घागर ओतली, शीलाला बाजूला सरकवलं, स्वतः स्टेअरिंगवर बसला आणि कन्नडच्या दवाखान्यापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.

रामप्रसादला आधी इंजेक्शन दिलं, मग अंगातले काटे काढत बसले. "अजून उशीर झाला असता तर श्वासनळी बंद झाली असती," डॉक्टर म्हणाले. मंजुळाबाईंना ओल्या चादरीत गुंडाळून सलाईन लावलं. संध्याकाळी त्यांनी डोळे उघडून शीलाला ओळखलं आणि तिचा सुजलेला हात बघून विचारलं, "हे काय गं पोरी?" तेव्हा कुठं शीलाला कापरं भरलं. नर्सनं तिला खुर्चीवर धरून बसवलं.

गल्लीतल्या बायका आता तिला धीट म्हणतात. तिला ते पटत नाही. शेजारी मिक्सर लागला तरी तिच्या मानेवर काटा येतो. पण तिनं गाडी रीतसर शिकून घेतली आणि गाडीची दुसरी चावी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

अपेक्षा मात्र वर्षभर मैदानात खेळायला गेली नाही. खिडकीही उघडू द्यायची नाही. पुढच्या मे महिन्यात शीलानं तिला पहाटेच गाडीत बसवलं आणि ऊन चढायच्या आत माहेरच्या वस्तीवर आणलं. झाडं, छपराची वळचण, सगळं तिनं आधी स्वतः उतरून न्याहाळलं. मग लेकीच्या बाजूचं दार उघडलं.

"आहे का गं काही?" अपेक्षानं आतूनच विचारलं.

"काय नाय. बघितलं मी."

अपेक्षानं उतरायला लई वेळ लावला. शीला दार धरून उभी राहिली.