पुसलेली पाच घरं

बू वुर्यानींच्या, म्हणजे वुर्यानी बाईंच्या, संगणकवर्गात एक शिरस्ता होता. आकड्यांच्या तक्त्यातली ओळ पुसायची तर खुशाल पुसा, पण आधी उभं राहून ती कुणाची ते सांगा. इंडोनेशियातल्या जेंबरच्या त्या कॉलेजात बावीस वर्षं अर्थशास्त्राची पोरं या बाईंना टरकून होती, आणि मला विचाराल तर बाई होत्याच तशा.

शेवटच्या सत्रातल्या किनासिहनं मात्र ओळी घरूनच पुसून आणल्या होत्या. शेतकरी गटात गेल्यानं भात वाढतो का, हा तिचा प्रबंध. त्यासाठी तिनं स्कूटरवरून साठ घरं पालथी घातली, घरामागे एक ओळ भरली, आणि संगणक म्हणाला, काही सांगता येत नाही. पाच घरं काढल्यावर आकड्यापुढे तीन तारे उमटले. तारे म्हणजे निकाल पक्का. ताऱ्यांशिवाय परीक्षक प्रबंध परत पाठवतात असं सगळे म्हणत, आणि या सत्रात पदवी हुकली तर तिची ठरलेली नोकरी गेलीच.

बाईंनी पडद्यावरचा आलेख पाहिला आणि खालच्या मोकळ्या कोपऱ्यावर बोट टेकवलं.

"इथली माणसं कुठं गेली गं?"

किनासिहच्या अंगावर काटा आला. त्या गावात बाईंनी कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

"पुसली, बू. गटात आहेत, पण भात कमी. सगळं बिघडवत होती."

"नावं?"

ती उभी राहिली. चार नावं भराभर आली. "पाचव्या म्बोक सारिंतेन, गावातल्या एक मावशी. विधवा आहेत. उकडलेला कसावा खाल्ल्याशिवाय सोडेनात मला."

"गटाबद्दल काय म्हणाल्या?"

"खत वाटतात तेव्हा बोलवतच नाहीत म्हणे." ती अडखळली. "बाकी चौघीही तेच म्हणाल्या होत्या."

"म्हणजे बिघाड त्यांच्यात नव्हे, गटात," बाई म्हणाल्या.

"पण बू, यांना परत घेतलं तर तारे जातील. नापास होईन मी."

"होशीलही," बाई म्हणाल्या. "माझ्या प्रबंधात मी तीन घरं पुसली होती. तारे मिळाले, ही नोकरी मिळाली. ती घरं कुणाची होती ते अजून आठवून बघते. आठवत नाही."

बावीस वर्षांत हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि बाईंनी ते भर वर्गात सांगून टाकलं. एवढं मोठं माणूस आपण पाहिलेलं नाही, असं किनासिहला वाटलं, आणि तिला भरून आलं.

ती खाली बसली. पाचही घरं एकेक करून परत भरली. तारे गेले. तिनं तो निकाल तसाच छापायला दिला.