भामरे ताईंचं रिकामं आणि शून्य

भामरे ताईंना नुसतं "चहा घेणार का?" असं विचारायची सोय नव्हती. "कोणाकडचा? आत्ताचा का चारचा?" असे प्रश्न उलटून यायचे. गुजरातेत, पांडेसऱ्यातल्या आमच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये मी डिस्पॅचला नवा लागलो तेव्हा मला वाटलं, बाई चक्रम आहे. आठवडाभरात कळलं की चक्रम नाही, आकड्यांच्या खात्यातली आहे. आणि थोडी चक्रमही आहे.

ताई धुळ्याकडच्या. शेठशी गुजराती, वॉचमनशी हिंदी, आणि आमच्याशी बोलताना मध्येच अहिराणीत घसरायच्या. टेबलावर शेंगदाण्याच्या चटणीची बरणी आणि समोरच्या पडद्यावर अख्खी मिल. मिलचे आकडे बहुमितीय डेटाबेसमध्ये असतात म्हणजे काय, हे त्यांनी मला स्टेशनरीच्या कपाटापुढे उभं करून समजावलं.

"एकेक आकडा एकेका खणात. खणापाशी जायचं तर सगळं सांगावं लागतं. कोणतं युनिट, कोणतं खातं, कोणता महिना, आणि ठरवलेलं का झालेलं. एखादं गाळलं तरी आकडा येतो हो, पण भलत्याच खणातला." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि भाऊ, रिकामं म्हणजे शून्य नाही. शून्य म्हणजे कोणीतरी पाहिलं आणि तिथे काही नव्हतं. रिकामं म्हणजे अजून कोणी पाहिलंच नाही."

पुढे ऑफिसात एआय एजंट आला. साध्या भाषेत प्रश्न टाकायचा, तो डेटाबेसमधला नेमका खण उघडून एक आकडा वाचून दाखवणार. शेठना तर नवं खेळणंच मिळालं. जेवताना डाव्या हाताने प्रश्न टाकायचे. ताईंनाही तो आवडला, पण त्यांचा एक आक्षेप होता. "माणूस हुशार आहे. फक्त आपण जे सांगत नाही, ते तो मनाने भरतो."

ते खरं ठरलं आमच्या पलसाण्याच्या युनिटमुळे. तिथे घोडियाघर आहे, म्हणजे साड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायकांची तान्ही पोरं सांभाळायची खोली. सुनंदा नावाची अमळनेरची एक मुलगी आपली सहा महिन्यांची पोर तिथे ठेवून कामाला उभी राहायची. घरी सांभाळायला कोणी नव्हतं. खोली गेली असती तर तिचं कामही गेलं असतं. ताई पलसाण्याला गेल्या की तिच्याच डब्यात जेवायच्या, त्यामुळे हे सगळं त्यांना ठाऊक होतं. आणि शेठना नेमकी तीच खोली कोऱ्या कापडाच्या गोदामासाठी हवी होती.

एका दुपारी मीटिंगमध्ये शेठनी फोनवर प्रश्न टाकला, "पलसाणाना घोडियाघरमां छोकरां केटलां?"

एजंटने उत्तर दिलं: शून्य.

"जुओ! एक पण छोकरुं नथी," शेठ खुशीत म्हणाले आणि खोली रिकामी करायचा निरोप द्यायला निघाले. आम्ही सगळे टेबलाकडे बघत बसलो. एकाच वेळी मालकाशी आणि मशीनशी कोण वाद घालणार?

"शेठ, कया महिनानुं?" ताईंनी विचारलं.

"महिनो तो में कह्यो ज नथी."

"मग त्याने हाच महिना धरला. पोरांची संख्या आयाबाई महिना संपल्यावर भरते. तो खण अजून रिकामा आहे, शेठ. त्याने रिकाम्याला शून्य म्हटलं."

"मशीन खोटुं बोले, भामरेबेन?"

ताईंनी पलसाण्याच्या आयाबाईला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. पोरांना पाजायची वेळ झाली होती आणि त्यांच्या आया अजून घड्या घालायच्या कामातून सुटल्या नव्हत्या. फोनमधून असा काही कालवा उठला की एसीचा आवाजही ऐकू येईना. ताईंनी फोन शेठकडे सरकवला.

"सांभळो शेठ. तमारुं शून्य रडे छे."

आधी शेठच हसले, मग आम्हाला हसायची हिंमत झाली. खोली राहिली. कापडाचे गठ्ठे शेडखाली गेले. मला त्या दिवशी ताईंचा फार अभिमान वाटला.

त्यांनी लगेच एजंटही सुधारून घेतला. खण रिकामा असला की तो आता "अजून भरलेलं नाही" म्हणतो, आणि प्रश्न अर्धवट असला तर उलट विचारतो, "कोणता महिना?" ऑफिसात आता दोन भामरे ताई झाल्या, असं आम्ही म्हणायचो. "पहिलीला तरी चटणी करता येते," ताई म्हणायच्या आणि बरणी पुढे करायच्या.

निवृत्त होऊन धुळ्याला जाण्याआधी त्या पलसाण्याला निरोप घ्यायला गेल्या. मी सोबत होतो. सुनंदाची पोर एव्हाना चालायला लागली होती; तिने ताईंचा पदर धरला तो सोडेचना.

"ताई, परत याल ना?" सुनंदाने विचारलं.

"येईन."

आयुष्यभर आम्हाला छळणारी बाई आयती सापडली होती. मी आणि सगळ्या बायका एकदम ओरडलो, "कधी? कोणत्या महिन्यात? ठरवलेलं का नुसतं म्हणताय?"

ताईंनी पोरीच्या मुठीतून पदराचं टोक हळूच सोडवून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ते रिकामंच ऱ्हाऊ द्या. शून्य टाकू नका."