सासूबाईंनी शिवलेला पट्टा

छपरांवर पत्रे बसवणारा हा माणूस भारी बोलका. वरून खाली स्क्रू मागायचे असले, तरी त्याच दमात कालच्या मॅचवर मतही देऊन टाकायचा. त्याच्या सासूबाई घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करत. त्याही काही कमी नव्हत्या. एका म्यानात दोन तलवारी, असं त्याची बायको म्हणायची. ती पोस्टात कारकून होती, आणि घरात ऐकून घेण्याचं काम तिच्याकडे होतं.

एका गोदामावर काम चालू असताना जुना सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटला आणि हा खाली मानेवर आपटला. मानेतला मज्जारज्जू दुखावला. पाय गेले, बोटं गेली; खांदे आणि मनगटं तेवढी राहिली. नऊ दिवस त्याचा श्वास यंत्राने घेतला. नळी काढल्यावर बायकोने कान त्याच्या तोंडाशी नेला.

"चहा... मिळेल... का?" एवढ्यातच त्याला धाप लागली. तिचा मात्र जीव भांड्यात पडला.

डॉक्टरांनी तिला नीट समजावलं. फासळ्यांमधल्या आणि पोटाच्या स्नायूंना मेंदूचा निरोप पोचत नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक घुमटासारखा पडदा असतो, त्याची नस मानेत वरून निघते, म्हणून ती वाचली. आता श्वासाचा सगळा भार त्या एकट्या पडद्यावर. मानेचे स्नायू जमेल तेवढा हात देतील.

घरी आल्यावर निराळीच अडचण उभी राहिली. माणसाला उठून बसलं की बरं वाटतं, याचं उलटं. आडवा असला की ठीक, खुर्चीत बसवला की दम लागायचा. घरी येणाऱ्या फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, "पोट सैल पडलंय ना, बसलं की ते पुढे ओघळतं. पडदा त्याच्याबरोबर खाली सरकतो, मग त्याला ओढायला जागाच उरत नाही. पोटाला पट्टा बांधा."

दुकानातून आणलेला पट्टा गुंडाळी होऊन फासळ्यांवर चढायचा. त्याला कातडीवर काही जाणवत नसे; लाल वळ बायकोला दिसले. सासूबाईंनी पट्टा उलटासुलटा करून पाहिला.

"हा शिवणाऱ्याला स्वतःचं पोट नसावं," त्या म्हणाल्या आणि टेप घेऊन आल्या.

त्यांनी माप तो आडवा असताना घेतलं, बसवूनही घेतलं.

"आई... श्वास घेऊ... का सोडू?"

"आधी घ्या, मग सोडा. आणि बोलू नका, टेप हलते."

पहिला पट्टा फसला, दुसरा घसरला. तिसऱ्याला त्यांनी पुढे जाड कापड, बाजूंना इलॅस्टिक आणि आतून मऊ अस्तर लावलं. तो बांधून बसवल्यावर जावई एका दमात नऊ शब्द बोलला. बायकोने बोटांवर मोजले होते.

"झालं!" सासूबाई म्हणाल्या. "पोटाचा पट्टा बांधला आणि तोंडाचा सुटला."

तो हसला. हसतानाही दम लागला, पण हसायचं थांबला नाही.

मग महिनोन् महिने तोच कित्ता. श्वासाच्या व्यायामाच्या यंत्रात नळीतून हवा ओढून प्लास्टिकचे तीन गोळे उचलायचे. आधी पहिलाही हलत नव्हता. पुढे दोन वर जाऊ लागले. तिसरा आजही जागचा हलत नाही. सुरुवातीला श्वास घेताना त्याची छाती आत खचायची, तीही हळूहळू ताठ झाली. "फासळ्यांचे स्नायू आता आखडून धरतात," फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या. "तुमच्या हुकमात नाहीत, पण उपयोगाचे आहेत. शाबूत राहिलेल्या नसाही कधी कधी आडवाटेनं निरोप नेतात. त्यांना काम देत राहा."

खोकायला मात्र पोटाचा जोर मिळत नसे. तो खोकताना बायको बेंबीच्या वर तळव्याने दाबायची. एकदा ती पोस्टात असताना कफ अडकला. घरात सासूबाई एकट्या. त्यांनी घाईने पट्टा सोडला, पण जावयाच्या अंगाला हात लावायला मन धजेना.

"इस्त्री दाबते तशी दाबू?"

"इस्त्रीपेक्षा... जोरात."

तिसऱ्या खेपेला कफ सुटला. घामाघूम होऊन त्या त्याच्या शेजारीच बसल्या. कितीतरी वेळ कुणीच बोललं नाही. त्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं.

आता त्याची खुर्ची शिलाई मशीनच्या शेजारी असते. पत्र्याचे कारागीर छपरावरून व्हिडिओ कॉल करतात. मनगटाला पट्टीने अडकवलेला फोन डोळ्यांसमोर धरून तो उतार पाहतो, पत्रा पत्र्यावर किती चढवायचा ते सांगतो. वाक्यं छोटी झाली आहेत, त्यामुळे कामं लवकर होतात, असं कारागीरच म्हणतात. दुपारी पट्टा सोडून तो आडवा झाला की दम भरपूर असतो. तेव्हा सासूबाई मशीन थांबवतात आणि म्हणतात, "हं, बोला आता."