उपासाच्या दिवशी घेतलेली बाटली

चूक माझी होती, आणि ती अजाणता झालेली नव्हती. डॉक्टरांनी जेवणानंतर दोन तासांनी लघवी घ्यायला सांगितले होते. मी ती एकादशीला, उपाशी माणसांकडून घेतली आणि कागदावर ‘जेवणानंतर’ असे लिहिले. त्या माणसांत माझे थोरले भाऊ होते.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षे झाली होती. तंजावरजवळ कुंभकोणमला एका खासगी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. आमच्या डॉक्टरांना एका गोष्टीने पछाडले होते. पट्टीश्वरमच्या शेतांतून येणारे मजूर काटक असत, त्यांच्यात मधुमेह क्वचितच दिसे. गावातले बैठ्या कामाचे लोक मात्र चाळिशीत पोट घेऊन येत आणि पन्नाशीत साखर घेऊन. हा रोग कोणत्या घरांत, कशामुळे शिरतो हे त्यांना पाहायचे होते. त्यांनी एक कागद छापून घेतला: वजन, कमरेचा घेर, काम काय, खाणे काय, आईवडील कशाने गेले. शेवटी लघवीची तपासणी. ज्यांच्यात साखर निघेल त्यांना बोलावून पथ्य सांगायचे, असा बेत होता.

गावाच्या मेलकावेरी भागातली, पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेली मराठी घरे माझ्याकडे आली, कारण मी त्यांच्यातलाच. डॉक्टर तमिळमध्ये हसत म्हणाले, “तुमच्या लोकांना ही फीत पुरेल ना? नाहीतर शिंप्याकडून दुसरी आणू.” मीही हसलो, पण ते मला लागले. आपले लोक यांच्यापुढे कमी दिसू नयेत, असे तेव्हाच मनात आले असावे.

वजन-मापे झाली. अडले ते बाटलीपाशी. पुरुषांच्या जेवणाला दोन तास होत तेव्हा बायकांची पाने मांडलेली असत, घर सोवळ्यात असे. पहिल्याच घरातल्या काकूंनी मला उंबऱ्याबाहेर थांबवले.

“ही असली बाटली जेवणाच्या वेळी? तुझी आई असती तर तुला चुलीतलं लाकूड दाखवलं असतं.”

“काकू, डॉक्टरांनी सांगितलंय.”

“मग डॉक्टरांच्या घरी मांड.”

तेव्हा मला एकादशी सुचली. आमची घरे वैष्णवांची, उपास कडक. चूल पेटत नसे, सोवळ्याची धावपळ नसे, पुरुष घरीच भजनात असत. एका दिवसात मी सगळ्या बाटल्या गोळा केल्या आणि फार हुशारी केल्यासारखा परत आलो. उपाशी माणसाच्या लघवीत साखर लपून राहू शकते, हे मला ठाऊक होते. रोजचे काम होते ते माझे. खरा रोग असेल तर उपाशीपोटीही दिसेलच, अशी मी मनाची समजूत घातली.

तपासणीचे औषध निळे असते. त्यात लघवीचे थेंब घालून नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. साखर असेल तर रंग हिरवा, पिवळा, शेवटी विटेसारखा तांबडा होतो. आमच्या लोकांच्या नळ्या निळ्याच राहिल्या. डॉक्टर ती ओळ बराच वेळ पाहत होते. “पोटं आहेत आणि साखर नाही. हे कसं?” मी म्हणालो, “देवाची कृपा.” आणि मला अभिमान वाटला.

अण्णा माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवले, शिकवले. वडील पाठीवरच्या काळपुळीने गेले होते, आणि ती बहुधा साखरेच्या रोग्यांनाच होते. अण्णांच्या कागदावर ते मी स्वतःच्या हाताने लिहिले आणि काही विचार न करता पुढच्या रकान्याकडे वळलो. अण्णा दिवसभर पितळी भांड्यांच्या दुकानात गादीवर बसत. संध्याकाळी भजन. मरुदानल्लूरला उत्सवात समईभोवती फेर धरून ते नाचत तेव्हा त्या अवजड देहाचे वजन कुठे जाई कोण जाणे. भजनाला बोलावतील त्या घरी तूप निथळणारा गोड भात पुढे येई, आणि प्रसादाला नाही म्हणायची रीत नव्हती.

निकाल सांगायला गेलो तर त्यांनी वहिनींना हाक मारली. “ऐकलंस का? आता माझ्या ताटाकडे डोळे वटारायचे नाहीत. घरच्या कंपाउंडरनं पास केलंय.”

वहिनी मात्र काही महिन्यांनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “भावजी, हल्ली हे तांब्यावर तांबे पाणी पितात. आणि मोरीत जाऊन आले की तिथे मुंग्या लागतात.”

मी म्हणालो, “वहिनी, मी स्वतः तपासलंय. नळी निळी होती.”

“तुम्ही तपासलंत म्हणजे मग काळजी नाही,” असे म्हणून त्या माझ्यासाठी कॉफी करायला गेल्या. मी ती कॉफी प्यालो.

दुसऱ्या वर्षी वैशाखात, देवळाच्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी प्रदक्षिणा घालताना अण्णांच्या तळव्याला फोड आले. त्यांना चटका जाणवलाच नाही. फोडाची जखम झाली, जखम चिघळली, बोटे काळी पडू लागली. दवाखान्यात आणले तेव्हा ते जेवून आले होते. नळी मीच दिव्यावर धरली. माझ्या हातात ती हिरवी झाली, पिवळी झाली आणि तांबडी झाली.

डॉक्टरांनी जुना कागद काढला. “तेव्हा तर काहीच नव्हतं.” मग स्वतःच म्हणाले, “नंतर सुरू झाला असेल.” मी मान डोलावली.

तंजावरच्या इस्पितळात अण्णांचा पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

त्यानंतर ते भजनात भिंतीला टेकून टाळ्या वाजवीत. फेर सुरू झाला की डोळे मिटून घेत. भेटायला येणाऱ्यांना सांगत, “रोग केव्हा आला कळलंच नाही. नाहीतर माझ्या भावानं धरला असता.” हे ऐकणे मला जड जाई, तरी मी वर्षभर ऐकले. मग एकदा ते वहिनींना म्हणताना मी ऐकले, “देवासमोर नाचताना माझ्या मनात मिरवणं होतं. म्हणून त्यानं पायच नेला.” वहिनी रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सगळे सांगितले. ते ओरडले नाहीत. त्यांनी माझे सगळे कागद आडव्या रेघा मारून रद्द केले आणि म्हणाले, “परत जा त्या घरांत. जेवणानंतर. दारात उभं राहावं लागलं तरी.” मी गेलो, प्रत्येक घरी खरे कारण सांगितले, बोलणी खाल्ली. काही नळ्या तांबड्या झाल्या. त्या माणसांना पथ्य सांगायला निदान वेळ होता.

अण्णांकडे जायला मला त्यानंतरही आठ दिवस लागले. दुपारची वेळ होती. ते खाटेवर बसले होते, वहिनी पायाची पट्टी गुंडाळत होत्या. मी खाली जमिनीवर बसलो.

“अण्णा, देवानं तुम्हाला शिक्षा केलेली नाही. ती बाटली मी एकादशीला घेतली, तुम्ही उपाशी असताना. कागदावर खोटं लिहिलं. रोग तेव्हाही असणार. वहिनींनी सावध केलं, तरी मी दुसऱ्यांदा तपासलं नाही, कारण माझं खोटं उघडं पडलं असतं. तुमचा पाय माझ्यामुळे गेला. मी तुमचा अपराधी आहे, आणि वहिनी, तुमचाही. मला क्षमा करा.”